आजीच्या आजीचा दाखला

कोकणातल्या बेने इस्राएलांची, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची, एक जुनी गोष्ट आहे. दावीद राहाबी नावाचा एक परका यहुदी त्यांच्या गावात आला. हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ते खरोखरच आपल्यातले आहेत का, हे राहाबीला बघायचे होते. पण विचारणार काय? त्यांच्याकडे तोराहची, म्हणजे मोशेच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी नव्हती. हिब्रू विसरून गेलेली, ‘शेमा यिस्राएल’ ही प्रार्थना तेवढी तोंडात उरलेली. वंशावळ काढावी, तर नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या, इथे येऊन गाडी थांबे. मग राहाबीने सगळ्या जातीची मासळी बायकांपुढे ओतली आणि रांधायला सांगितली. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे घेतले, यहुदी धर्मात तेवढेच चालतात; उरलेले बाजूला सारले. हे आम्ही खात नाही, म्हणाल्या. राहाबीची खात्री पटली. त्याने या लोकांना शिकवले आणि त्यांच्यातल्याच तिघांना धर्मकार्यासाठी ‘काजी’ म्हणून नेमले.

परंपरा ही घटना हजारेक वर्षांपूर्वीची मानते. बरेच अभ्यासक मात्र अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्याकडे बोट दाखवतात. मला तारखेपेक्षा त्या मासळीत जास्त रस आहे. बाहेरून आलेला एक जाणकार, ज्याच्या शब्दावर उद्या एका अख्ख्या समाजाचे धर्मातले स्थान ठरणार आहे, तो चौकशी सुरू करतो ती चुलीपाशी. आणि हा समाजही त्याला ‘तू कोण आम्हाला तपासणारा’ असे विचारत नाही. आपल्याला पुष्कळ काही माहीत नाही हे ते मान्य करतात, शिकतात, काजींचे ऐकतात. पुढे १७९६ साली सामुएल दिवेकर मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, बांधतात. त्यानंतरच्या शतकात कोचीनहून शिक्षक येतात, त्यांच्याकडून प्रार्थनेच्या चाली उचलल्या जातात. शिकवणाऱ्याचा अधिकार मानायला या लोकांनी कधी कां-कूं केल्याचे दिसत नाही.

आता १९६२ साल. मधल्या काळात पेण, रोहा, अलिबाग, मुंबईतून हजारो बेने इस्राएल नव्या इस्राएल देशात जाऊन राहिलेले. तिथे यहुद्यांची लग्ने आणि घटस्फोट १९५३ च्या कायद्याने रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, न्यायालयांकडे दिलेले; नोंदणी पद्धतीचे लग्न तिथे नाही. यांच्याशी सोयरीक करावी की नाही, असा प्रश्न काही रब्बींनी काढला. मुख्य रब्बी मंडळाने १९६१ च्या ऑक्टोबरात, सरसकट मनाई करायला आधार नाही, असा निर्णय दिला. वाटले, प्रकरण मिटले. पण फेब्रुवारीत मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्याकडून लग्न नोंदवणाऱ्यांना सूचना गेल्या: बेने इस्राएलांपैकी कोणी इतर यहुद्याशी लग्न करायला आले, तर त्याची आई, आईची आई, असे जमेल तितके मागे जाऊन त्या यहुदी होत्या का ते तपासा, आईबापांत, आजीआजोबांत कोणाचा घटस्फोट होऊन पुन्हा लग्न झाले होते का, तेही बघा.

मराठी वाचकाला या कागदाचा वास ओळखीचा वाटेल. जात पडताळणीसाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत आपल्याकडे माणसे तालुक्याच्या गावी हेलपाटे घालतात. पण तिथे निदान एखादे दप्तर असते. रोह्याजवळच्या एखाद्या खेड्यात तेलाचा घाणा चालवणाऱ्या बाईच्या आईच्या आईचे लग्न कोणत्या विधीने लागले, याचा कागद कोणी आणि कुठून आणायचा?

बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. १९६४ चा उन्हाळा त्यात गेला. शेवटी १७ ऑगस्टला संसदेचे खास अधिवेशन बसले. सरकारच्या लेखी बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत, आणि त्यांच्यात भेद करणारी कारणे रब्बी मंडळाने दूर करावीत, असा ठराव झाला. महिनाअखेर रब्बी मंडळाने सूचनांतले ‘बेने इस्राएल’ हे नाव काढून टाकले आणि ज्यांच्याबद्दल शंका असेल अशा सर्वांसाठी म्हणून तो नियम ठेवला.

यावर दोन मते नेहमी ऐकायला येतात. एक म्हणते, धर्म मानायचा तर धर्माधिकाऱ्याचे ऐकायचे. उपोषणे, मोर्चे हे राजकारण झाले. दुसरे म्हणते, रब्बींना विचारायचेच कशाला, ही जोखडे फेकून द्या. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोन्ही मते तोराहमधल्या अधिकाराची रचनाच चुकीची धरतात.

आधी आपल्या मनातली एक अढी काढू. ‘आपली भूमिका स्वीकारावी’ हे वाक्य महाराष्ट्रात कोणी उच्चारले की आपले कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. ज्याने त्याने आपापल्या जागी राहावे हा उपदेश इथे कोणी कोणाला केला आणि त्यातून काय झाले हे आपण विसरलेलो नाही. यहुदी धर्मातही जन्माने मिळणाऱ्या भूमिका आहेत. मोशेचा भाऊ अहरोन याच्या वंशातले ते कोहेन म्हणजे याजक, त्यांच्या हाताखाली लेवी, मग बाकीचे इस्राएल. मात्र कोहेनला देशाच्या वाटणीत जमिनीचा तुकडा मिळत नाही, त्याने प्रेताजवळ जायचे नाही, घटस्फोटितेशी लग्न करायचे नाही. मानाचे पान आहे, पण पाय बांधलेले आहेत. शिवाय जेरुसलेमचे मंदिर पडल्यापासून निवाडा करण्याचा अधिकार त्याच्याकडे उरला नाही. तो विद्वानाकडे गेला. आणि विद्येला जन्म लागत नाही. रब्बी अकिवा चाळिशीपर्यंत निरक्षर होते असे सांगतात. मिश्नेत, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, तर स्पष्टच म्हटले आहे की अडाणी महायाजकापेक्षा विद्वान ‘मामझेर’, म्हणजे निषिद्ध संबंधातून जन्मलेला, वरचा. हा मामझेर शब्द लक्षात ठेवा, बेने इस्राएलांचे सगळे प्रकरण त्याच्याभोवती फिरते.

भूमिका झुगारणाऱ्याचे तोराहमधले नाव कोरह. तो लेवी, मोशेचा चुलतभाऊ. अडीचशे प्रतिष्ठितांना घेऊन तो मोशे आणि अहरोनसमोर उभा राहतो आणि म्हणतो, सगळी मंडळी पवित्र आहे, मग तुम्हीच का वर चढून बसलात? वाक्य इतके चोख आहे की आज कुठल्याही सभेत टाळ्या घेईल. मोशे मात्र त्यातले दुखणे ओळखतो. लेवीचे काम तुला मिळाले ते थोडे वाटले, आता याजकपणही हवे? कोरहला समता नको होती, अहरोनची गादी हवी होती. जमीन दुभंगते आणि त्याला गिळते.

धर्माधिकाऱ्यांना कोरहची गोष्ट फार आवडते. कोणी प्रश्न विचारला की त्याला कोरह म्हणायचे, काम संपले. पण त्याच गणना या ग्रंथात पुढे सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादच्या पाच मुली येतात: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बापाला मुलगा नाही, म्हणून त्याचा वाटा बुडणार. या पाचजणी मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर, निवासमंडपाच्या दारात उभ्या राहतात आणि वाटा मागतात. आणि मागताना आवर्जून सांगतात की आमचा बाप कोरहच्या टोळीत नव्हता. तक्रारीचे दोन प्रकार असतात हे त्यांना पक्के माहीत आहे. मोशे काय करतो? त्यांना हाकलत नाही, तोंडाला येईल ते उत्तरही देत नाही. त्यांचे प्रकरण परमेश्वरापुढे नेतो. उत्तर येते, मुली रास्त बोलतात. कायदा बदलतो. पुढे छत्तिसाव्या अध्यायात वंशातले पुढारी हरकत घेतात की या मुली परवंशात गेल्या तर जमीन जाईल. तेव्हा त्यांना आपल्याच वंशात लग्न करायला सांगितले जाते आणि त्या ते मान्य करतात. हक्क मागितला, मिळवला आणि त्याबरोबर आलेली मर्यादाही घेतली. बेने इस्राएलांचा ठिय्या मला या दारातला वाटतो. रब्बींची न्यायालये बंद करा, अशी त्यांची मागणी नव्हती. उलट आपली लग्ने रब्बींनीच लावावीत, याच धर्माच्या रीतीने लावावीत, यासाठी ते बसले होते.

आता अधिकार गाजवणाऱ्याकडे वळू, कारण खरी अडचण त्या बाजूला आहे. अनुवाद या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे की अवघड वाद आला की त्या काळी जो न्यायाधीश असेल त्याच्याकडे जा, आणि तो सांगेल त्यापासून उजवीकडे वा डावीकडे वळू नको. यावर एक जुने भाष्य म्हणते, त्यांनी उजव्याला डावे म्हटले तरी ऐक. जेरुसलेमचा तालमूद, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चेचा ग्रंथ, म्हणतो, छे, उजव्याला उजवे आणि डाव्याला डावे म्हणतील तेव्हाच ऐक. दोन्ही वाक्ये परंपरेने जपली, एकही खोडले नाही. शिवाय लेवीय या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात सगळ्या मंडळीच्या हातून अजाणता चूक झाली तर कोणता बैल अर्पण करायचा तेही सांगितले आहे, आणि रब्बींनी ही मंडळी म्हणजे वरिष्ठ न्यायसभाच असा अर्थ लावला. आपल्या सर्वोच्च न्यायपीठाच्या चुकीचे प्रायश्चित्त आधीच लिहून ठेवणारा धर्म आहे हा.

या सगळ्याचा कस लागतो तो यव्नेच्या न्यायसभेचे प्रमुख रब्बान गमलिएल आणि तिथलेच विद्वान रब्बी यहोशुआ यांच्या गोष्टीत. मंदिर पडून फार वर्षे झालेली नाहीत, समाज विखुरलेला, पंचांग एक राहिले नाही तर सणही एक राहायचे नाहीत अशी अवस्था. नवा महिना चंद्रकोर दिसल्याच्या साक्षीवर ठरे. दोन साक्षीदार येतात, आम्ही चंद्रकोर पाहिली म्हणतात. पण दुसऱ्या रात्री चंद्र दिसतच नाही. गमलिएल साक्ष मान्य करतात. एक विद्वान वैतागून म्हणतो, काल बाळंत झाली म्हणे आणि आज पोट दातांपर्यंत आलेले, हे कसे? यहोशुआंना त्याचे पटते. गमलिएलांचा निरोप येतो: तुमच्या हिशोबाने ज्या दिवशी योम किप्पूर येतो, त्या दिवशी काठी आणि पैशांची थैली घेऊन माझ्याकडे या. म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत पवित्र दिवशी, स्वतःच्या मते निषिद्ध असलेली गोष्ट सर्वांदेखत करा.

यहोशुआ कष्टी होतात. सहकारी समजावतात की आज गमलिएलांच्या न्यायसभेची झडती घ्यायची ठरवली तर मोशेपासूनच्या प्रत्येक सभेची घ्यावी लागेल. यहोशुआ काठी उचलतात, थैली घेतात आणि चालत जातात. गमलिएल उठून उभे राहतात आणि त्यांच्या मस्तकाचे चुंबन घेतात. या, माझ्या गुरू आणि माझ्या शिष्या. ज्ञानाने गुरू, आणि माझा शब्द मानलात म्हणून शिष्य.

प्रवचनात गोष्ट इथे संपते. तालमूदमध्ये ती पुढे चालू राहते. पुढे संध्याकाळच्या प्रार्थनेवरून पुन्हा वाद होतो आणि गमलिएल यहोशुआंना भर सभेत उभे करून ठेवतात, स्वतः बसून शिकवत राहतात. लोक कुजबुजतात, मग ओरडतात: किती छळायचे या माणसाला? गमलिएलांना पदावरून काढतात. दाराशी पहारेकरी होता, आत एक बाहेर एक असणाऱ्याने येऊ नये म्हणून, तो हटवतात. शेकडो नवी बाके घालावी लागतात. त्याच दिवशी यहुदा नावाचा अम्मोनी नवधर्मी येऊन विचारतो, मला तुमच्यात सोयरीक करता येईल का? गमलिएल म्हणतात नाही. अम्मोन्याने मंडळीत यायचे नाही असे तोराहच सांगते. यहोशुआ म्हणतात येईल. सन्हेरीब राजाने सगळी राष्ट्रे उचलून मिसळून टाकली, आता अस्सल अम्मोनी कोण हे कोणाला सांगता येते? निकाल यहोशुआंच्या बाजूने लागतो. पद गेलेले गमलिएलही सभा सोडून जात नाहीत, तिथेच बसून वाद घालतात, हेही सांगायला हवे.

मग ते क्षमा मागायला यहोशुआंच्या घरी जातात. बघतात तर भिंती काळ्याकुट्ट. म्हणतात, भिंतींवरून कळते की तुम्ही कोळशाचे काम करता. यहोशुआ उत्तर देतात: धिक्कार त्या पिढीचा, जिचे तुम्ही पुढारी, विद्वान कसे जगतात, काय खातात, तुम्हाला ठाऊकच नाही.

इतकी वर्षे ज्याच्यावर हुकूम गाजवला, त्याच्या घरात हा माणूस कधी गेलाच नव्हता. काठी आणि थैली मागवणे कदाचित आवश्यक होते. पंचांग फुटू द्यायचे नव्हते. पण भिंती न पाहता मागवणे, ही गोष्ट परंपरेने गमलिएलांच्या खाती कायमची लिहून ठेवली. राहाबी आणि १९६२ च्या सूचना यांच्यात मला नेमका हाच फरक दिसतो. राहाबी घरात शिरला. सूचना कचेरीतून निघाल्या.

रब्बी मंडळावर अन्याय होऊ नये, म्हणून त्यांची बाजूही मांडतो. मामझेर म्हणजे नुसते लग्नाबाहेरचे मूल नव्हे. विवाहित स्त्रीला ‘गेट’, म्हणजे विधिवत घटस्फोटपत्र, न मिळता तिने दुसरा घरोबा केला आणि मूल झाले, तर ते मामझेर. त्याला यहुदी मंडळीत लग्न करता येत नाही, आणि हा डाग तोराहच्या शब्दांत दहाव्या पिढीपर्यंत, व्यवहारात कायमचा. बेने इस्राएलांना कित्येक शतके गेटची माहिती नव्हती. तेव्हा एखाद्या पणजीने दुसरे लग्न केले असेल तर? डोळे मिटून शिक्का मारला आणि उद्या त्यातून गुंता झाला, तर पाप कोणाच्या माथी? रब्बी निस्सीम आपल्या भूमिकेत होते, हे मी नाकारत नाही.

पण ती भूमिका त्यांनी अर्धीच निभावली. हा समाज शेजारच्या वरच्या जातींसारखा विधवाविवाह टाळत होता आणि घटस्फोटही जवळपास करत नव्हता, असे त्यांचे इतिहासकार हाईम सामुएल केहिमकर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहून गेले होते. घटस्फोटच नाही, तर गेटविना घटस्फोट येणार कुठून? अलिबागेत किंवा पनवेलात चार म्हाताऱ्या बायकांना विचारले असते तरी हे कळले असते. आणि खुद्द तालमूदमध्ये नियम आहे: जे कुटुंब मिसळले ते मिसळले, उकरू नका. एका रब्बीला काही घराण्यांतला दोष ठाऊक असूनही त्याने तो जाहीर केला नाही, हे तिथे कौतुकाने नोंदलेले आहे. दहा पिढ्यांचा नियम इतका कठोर आहे म्हणूनच त्याच्या तोंडाशी हे झाकण ठेवले होते. सूचनांनी ते काढले, तेही एकाच समाजापुरते.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी धार्मिक मंडळींना आवडणार नाही. यहोशुआ आपल्या पायांनी चालत गेले. गेले नसते तर त्यांना धरून न्यायला शिपाई येणार नव्हते. गमलिएलांचा अधिकार लोक मानत होते तोवरच होता, आणि मानेनासे झाले त्या दिवशी गेला. शासनाचा शिक्का हाती आला की ही गरज संपते. इस्राएलमधल्या दिमोना किंवा लोद गावच्या बेने इस्राएल मुलाला दुसरी खिडकीच नसेल, तर खिडकीमागच्या माणसाने त्याच्या घराच्या भिंती कशाला बघाव्यात? बेने इस्राएलांना न्याय धर्मसभेऐवजी संसदेकडून मिळाला, याची मला खंत वाटते. रब्बी मंडळाचा स्वाभिमान दुखावला म्हणून नव्हे. गमलिएल यहोशुआंच्या दारी गेले तसे कोणी त्या ठिय्यावर बसलेल्यांकडे जाऊन ‘चुकलो’ म्हणाले असते, तर ते तोराहच्या रीतीला धरून झाले असते. त्याऐवजी कागदावरचे एक नाव खोडले गेले.

आपल्याकडच्या बगदादी यहुद्यांचीही थोडी आठवण ठेवायला हवी. ससून घराणे १८३२ साली मुंबईत आले. त्यांची ग्रंथालये, गोद्या, इस्पितळे आपण अभिमानाने मिरवतो. याच बगदादी समाजातल्या अनेकांनी बेने इस्राएलांना अंतरावर ठेवले, त्यांच्या शुद्धतेबद्दल शंका घेतल्या. आणि स्वतः बेने इस्राएलांत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता, तेही सोयरिकीपुरते एकमेकांना परके मानत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दाखला विचारला गेला त्यांनीही कोणाला तरी तो विचारलाच. मी हे त्यांचा दावा हलका करण्यासाठी सांगत नाही.

बेने इस्राएलांच्या घरी लग्न ठरले, नवस फेडायचा असला, की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, वर सुकामेवा. ताटात भोवती फळे, एखादे गुलाबाचे फूल. घरचे लोक भोवती बसतात आणि एलियाहू हन्नबीचे नाव घेऊन गातात. हा संदेष्टा अलिबागजवळ खंडाळ्याला येऊन गेला, तिथल्या खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, अशी त्यांची श्रद्धा. मिश्नेच्या एदुयोत या प्रकरणाच्या शेवटी याच एलियाहूबद्दल चर्चा आहे. तो येईल तेव्हा कोणती घराणी शुद्ध आणि कोणती अशुद्ध हे ठरवायला येईल का? एक मत पडते की बळजबरीने आत घुसवलेल्यांना तो दूर करील आणि बळजबरीने दूर केलेल्यांना जवळ आणील. बाकीचे विद्वान म्हणतात, तो दूर करायला येणार नाही आणि जवळ करायलाही नाही. तो जगात शांती करायला येईल.

घाण्यावर राबणाऱ्या त्या पूर्वजांनी ही मिश्ना वाचलेली असणे शक्य नव्हते. तरी लग्नाच्या आधी पोह्यांचे पहिले ताट ते त्याच्याच नावाने काढत आले, आणि लोद-रामल्याच्या घरांतून अजूनही काढतात.